भिंतीलगतची ओळ

"मी आत येत नाही," आजोबा म्हणाले आणि फाटकापासून चार पावलांवर थांबले. इतके ठाम थांबले की मला वाटलं, कोणीतरी तिथे खडूने रेघ मारून ठेवलीय. बाकीचे सतराजण माझ्यामागून आत शिरत होते, कोणी टोपी सारखी करत होतं, कोणी बाटलीतलं पाणी पीत होतं. मी सवयीने हसले आणि म्हटलं, "गुडघे का? चाकाची खुर्ची आहे गाडीत, लगेच काढायला सांगते. त्यात लाजायचं काही नाही." "गुडघे ठणठणीत आहेत माझे," ते म्हणाले. "आम्ही कोहेन. पुरोहितांचं कूळ. आम्हाला दफनभूमीत जाता येत नाही." हे मला माहीत होतं. अकरा वर्षं मी हेच वाक्य तोंडपाठ म्हणत आलेय. शहरातल्या ज्यू स्थळांची सहल, साडेचार तास, दोन सिनेगॉग, एक जुनी शाळा, शुद्धीस्नानाचं कुंड आणि शेवटी दफनभूमी. शेवटच्या मुक्कामाला लोक कंटाळलेले असतात म्हणून तिथे मी एक विनोद ठेवलाय. पुरोहित कुळातला माणूस मृतांजवळ जात नाही, सख्खं कोणी गेलं तर तेवढ्यापुरता एकदाच पुरायला आत येतो, एरवी फाटकाबाहेर. तर आमचे ड्रायव्हरही बहुतेक त्याच कुळातले असावेत, अकरा वर्षांत एकदाही आत आलेले नाहीत. मग सगळे वळून गाडीकडे बघतात, ड्रायव्हर हात हलवतो, हशा होतो. तो विनोद आता टोपी घालून, चकचकीत बूट घालून, हातात काठी घेऊन माझ्यासमोर उभा होता आणि हसत नव्हता.

"तुमचंच पत्र ना ते?" त्यांनी विचारलं. "चार महिन्यांपूर्वीचं. माझ्या बहिणीच्या कबरीबद्दलचं." हो, माझंच. सकाळी गाडीत यादी वाचताना मला ते नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं होतं, पण मी मनाला म्हटलं, असतात अशी नावं. मी मनाला असं बरंच काही म्हणत असते. त्यांचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात एका हाताने फोन धरून होते, पलीकडे वहिनी होती, बाबांना हॉस्पिटलातून हलवायचं की नाही ते विचारत होती, आणि दुसऱ्या हाताने मी पत्रांना उत्तरं देत होते. आजोबांचं पत्र मोठं होतं. बहीण नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हा ते सात वर्षांचे होते, त्यानंतर दोन वर्षांनी सगळं कुटुंब देश सोडून गेलं. कबर भिंतीलगत आहे, लहान आहे. ती अजून आहे का, तेवढं कृपा करून बघून कळवा. असेल तर येईन, नसेल तर या वयात एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. मी वहिनीला म्हटलं, "हो, येते मी शनिवारी," आणि त्याच दमात पत्रात लिहिलं, "आहे. चांगल्या स्थितीत आहे." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला पत्र कोरडं ठेवायला आवडत नाही. म्हणून पुढे ठोकून दिलं, "जागा शांत आहे, सावलीत आहे."

"तुम्ही लिहिलंत, सावलीत आहे," आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी त्या बाजूला झाड नव्हतं हो एकही. म्हणजे नंतर कोणीतरी लावलं. मला फार बरं वाटलं ते वाचून." त्यांनी कोटाच्या खिशातून एक खडा काढला. करड्या रंगाचा, सुपारीएवढा. "हा आमच्या घरामागच्या वाटेवरचा आहे. माझ्या वतीने ठेवाल तिच्यावर?" मी हात पुढे केला. "फोटो काढून आणते ना," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "फोटो काय करू? माझ्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं. तुम्ही फक्त येऊन सांगा, ठेवला म्हणून. मला पुरे."

तर हे असं होतं. तो माणूस आत येणार नव्हता, फोटो बघू शकत नव्हता, आणि माझा शब्द त्याला पुरणार होता. आत जाता जाता माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर सुटले. खोटं का बोला, सुटलेच. कुठल्याही दगडावर खडा ठेवायचा, पाच मिनिटं रेंगाळायचं, चेहरा जरा गंभीर करायचा आणि बाहेर येऊन म्हणायचं, ठेवला. ते रडतील, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवीन, ते कंपनीला चार ओळी चांगल्या लिहितील. कोणाचं काय गेलं? आणि हा विचार पुरता होतोय तोवर खडा मुठीत असा काही रुतायला लागला की मी मूठ बदलली. मग पुन्हा बदलली.

लोकांना मी नेहमीच्या जागी नेलं, आतल्या ओट्यावर, पत्र्याच्या छपराखाली. माहितीचा फलक तिथेच आहे. माझं बोलणं सुरू झालं आणि आपलं आपण चालत राहिलं. अकरा वर्षांनी असं होतं, तोंड कामावर असतं आणि माणूस रजेवर. मी सांगत होते, इथे फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात, फुलं सुकतात, दगड राहतो. मी येऊन गेलो एवढीच त्याची खूण. आणि डोळ्यांनी मी भिंत शोधत होते. चारी बाजूंना भिंत. कुठली भिंत? पत्रात लिहिलं असेल, मी वाचलं नव्हतं. विनोदाची जागा आली तेव्हा मी तो गाळला. पुढच्या रांगेतली निवृत्त शिक्षिका, जी सकाळपासून सगळं वहीत उतरवून घेत होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, जणू तिला आधीच माहीत होतं की इथे काहीतरी गळलंय. मी म्हटलं, "वीस मिनिटं मोकळं फिरा, मग परत इथेच भेटू," आणि जवळजवळ पळतच सुटले.

हिब्रू मला वाचता येत नाही. हेही एक सांगून टाकते. मला दोन अक्षरं ओळखता येतात, कबरीच्या माथ्यावर असतात ती, आणि पुरोहितांच्या कबरीवर कोरलेले दोन तळहात ओळखता येतात. बाकी सगळी पोपटपंची. ज्यांची ही दफनभूमी, ती माणसं पांगली, जागा शहराच्या ताब्यात आली, आणि त्यांच्याबद्दल बोलायला उरले मी. मी कोण? एका घड्याळदुरुस्ती करणाऱ्याची मुलगी, जिला तीन नोकऱ्या टिकवता आल्या नाहीत आणि बोलता मात्र छान येत होतं. डावीकडच्या भिंतीशी मी वाकून वाकून बघत गेले. मोठे दगड, मोठे दगड, एक कलंडलेला खांब, गवत. लहान असं काही नाही. मागच्या भिंतीशी नुसता कचरा आणि एक तुटकी झारी. पर्समध्ये फोन थरथरायला लागला. वहिनीचाच असणार. मी बघितला नाही. वहिनी एकदा म्हणाली होती, चिडून नाही, अगदी सहज, भाजी निवडता निवडता: "ताई, तुमचं हो म्हणजे फोन ठेवायची पद्धत आहे." मी हसले होते. दादा पण हसला होता. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी एकदा बोलली गेली की तिच्यावर हसून टाकायचं असतं, दुसरं करणार काय?

त्या शनिवारी मी बाबांना न्यायला गेले नव्हते. दोन सहली एका दिवशी आल्या आणि माझा फोन करायचाही राहून गेला. नंतर वॉर्डातल्या नर्सने सांगितलं, तुमचे बाबा सकाळी आठला शर्ट-पँट घालून, केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसले होते. उजवा हात उचलवत नाही, तर डाव्या हाताने बटणं लावली म्हणे, पाऊण तास लागला, पण कोणाला हात लावू दिला नाही. मुलगी येतेय म्हणाले. जेवण आलं तर म्हणाले, घरी जाऊन जेवीन. संध्याकाळी नर्सने पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली. नंतर दादाने त्यांना आपल्याकडे नेलं. मी भेटायला जाते, नाही असं नाही. दारात उभी राहते, बरं आहे ना विचारते, ते मान हलवतात. पण कधी येणार हे त्यांनी परत मला एकदाही विचारलं नाही, आणि खरं सांगू, मला ते सोयीचं पडलं. कोणी विचारलंच नाही तर हो म्हणावं लागत नाही. हे मी कोणाजवळ बोललेली नाही. त्या उन्हात, गवतात कुसळं टोचत असताना, परक्या माणसाच्या बहिणीला शोधता शोधता ते असं फाडकन समोर आलं आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी उभ्याउभ्या पाय आपटला.

"काय शोधताय, बाई?" राखणदार बादली घेऊन आला होता. दीर्घद्वेषी माणूस, माझ्यावर त्याचा जुना राग, कारण माझे लोक कागद टाकतात. मी सांगितलं, लहान मुलीची कबर, भिंतीलगत, सत्तरेक वर्षांपूर्वीची. तो हसलाच. "मोठ्यांच्याच धड सापडत नाहीत, लहानांच्या कोण बघतो? ते बाहेर उभे आहेत त्या म्हाताऱ्या साहेबांची का? अहो ठेवा कुठेही खडा. वरून सगळे दगड सारखेच. त्यांना काय कळणार?" अगदी माझ्याच मनातलं, शब्दसुद्धा बदलले नव्हते. आपल्या मनातला विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की किती घाणेरडा वाटतो. तरीही मी काय केलं? तरीही मी समोरच्या एका बुटक्या दगडाकडे चालू लागले. कोणाचा होता देव जाणे. वाकले, खडा ठेवला. झालं, म्हटलं. सरळ झाले. चार पावलं गेले. परत फिरले आणि चोरासारखी इकडेतिकडे बघून खडा उचलून घेतला. त्या दगडाखालच्या माणसाने माझं काय बिघडवलं होतं, त्याच्यावर दुसऱ्याचं लोढणं का म्हणून टाकू!

बाहेर जाऊन सांगून टाकायचं, असं ठरवून मी फाटकाकडे आले. तर आजोबा तिथे नव्हते. ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "ते ना? ते भिंतीला हात लावत लावत मागे गेले. मी म्हटलं सोबत येतो, तर म्हणाले, नको, मला वाट माहीत आहे." मी त्यांच्यामागे जायला निघाले आणि तेवढ्यात भिंतीच्या बाजूने आवाज आला. टक, टक, टक. काठीचा. बाहेरून भिंतीवर कोणीतरी मारत होतं. आणि मग त्यांचा आवाज, बारीक पण स्वच्छ: "बाई! ऐकू येतंय का? इथे! इथे या!"

मी आतूनच आवाजाच्या रोखाने निघाले. ते बोलतच होते, मी आलेय की नाही हेही न विचारता. "माझे वडील दर रविवारी मला इथे आणायचे. आत जायचं नाही ना, म्हणून बाहेरून. पुरताना ते एकदाच आत गेले होते, तेव्हा त्यांनी पावलं मोजून ठेवली होती. फाटकापासून भिंतीच्या कडेकडेने बेचाळीस. मग भिंतीला तळहात लावायचे आणि मला म्हणायचे, या भिंतीला लागूनच आहे ती, फक्त एका हाताच्या अंतरावर. मोठ्या माणसाचा एक हात. मी पण हात लावायचो. इथे एक दगड पुढे आलेला आहे बघा, माझ्या तेव्हाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. तो अजून आहे! मला सापडला! तुम्ही आतून बरोबर माझ्यासमोर या. टकटक करतो." टक, टक. त्यांचा आवाज सात वर्षांच्या पोराचा झाला होता. मी कबरींमधून वाट काढत, ठेचकाळत गेले, आणि आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मग माझ्या नडगीला सिमेंटची कड लागली.

ओटा होता. आमचाच, छपराचा. ज्या भिंतीला तो पाठ लावून बांधलाय तिच्याच पलीकडून काठी वाजत होती. माझे सतराजण फिरून परत आले होते आणि सावलीला बसले होते. शिक्षिका वहीत लिहीत होती, दोन मैत्रिणी पाय पसरून बूट काढून बसल्या होत्या, एकाने केळ्याचं साल कडेला ठेवलं होतं. टक, टक, अगदी त्यांच्या पाठीशी. राखणदार मागून आला होता, बादली तशीच हातात. तो हळूच म्हणाला, "बाई... इथे लहान मुलांची ओळ होती म्हणतात. बारके दगड, नावं पुसलेली. ओटा घालायचा ठरला तेव्हा भरावात गेले ते. माझ्या आधीच्या माणसाने सांगितलं होतं मला." मग जरा थांबून, "तुम्हीच अर्ज केला होता ना ओट्याचा?"

केला होता. तीन वर्षांपूर्वी. लोक उन्हात उभे राहत नाहीत, लक्ष देत नाहीत, सावलीला बसायची सोय हवी. छान भाषेत लिहिला होता. मंजूर झाला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आणि त्यानंतर आठवड्यातून पाच दिवस मी इथे उभी राहून सांगत होते, दगड राहतो.

"आलात का?" पलीकडून आवाज. "आलात का समोर?"

"आले," मी म्हटलं. "आजोबा, ऐका. मी तुम्हाला लिहिलं ना, आहे म्हणून. ते मी न बघता लिहिलं. मी इथे येऊन शोधलंच नव्हतं. सावलीबिवली सगळं मनचं होतं." ओट्यावरची माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मग काठीचा आवाज नाही, नुसता त्यांचा आवाज आला, आणि त्यातला पोरगा गेला होता. "आणखी तिघांना पत्रं घातली होती मी. तिघांनी लिहिलं, सापडत नाही. तुमचं एकटीचं आलं, आहे. मी तेच धरलं." मग म्हणाले, "आता काय आहे तिथे? नीट सांगा. मला दिसत नाही म्हणून मला बरं वाटेल असलं काही सांगू नका."

दार उघडं होतं. खरंच सांगते, अजूनही उघडं होतं. गवत आहे म्हणायचं. गवत, मोकळी जागा, थोडी फुलं. कोण सांगणार होतं त्यांना? सतराजण माझ्याकडे बघत होते आणि एकही तोंड उघडणार नव्हतं, अशा वेळी कोणी उघडत नाही. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, त्याची चवसुद्धा लागली मला.

"ओटा आहे," मी म्हटलं. "सिमेंटचा. लोकांना बसायला. लहान मुलांचे दगड त्याच्याखाली गेलेत. तो ओटा मीच मागितला होता. खाली काय आहे ते विचारलं नव्हतं मी."

ते रडले की काय, मला कळलं नाही. भिंतीवर तळहात घासल्यासारखा आवाज आला, वरून खाली. मी वाट बघत होते, ते मला शिव्या देतील म्हणून. द्याव्यात असं वाटत होतं, म्हणजे मला काहीतरी सहन करायला मिळालं असतं. पण त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आत्ता त्याच्यावर कोणी आहे?"

"आहेत. आमचेच लोक."

"त्यांना खाली उतरवा."

मी वळले. "उतरा," मी म्हटलं. "सगळे खाली उतरा. ओट्यावरून." एकाने घड्याळात बघितलं, "वेळ झाली का?" म्हणून विचारलं. "वेळ झाली नाही," मी म्हटलं. "याच्याखाली नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचा भाऊ भिंतीपलीकडे उभा आहे." शिक्षिका आधी उठली, वही मिटून, छातीशी धरून उतरली. मग एकेकजण, कड धरून, हळूहळू, जणू ओटा तापलाय. केळ्याचं साल कोणीतरी उचललं. बूट गवतात वाजत होते.

"उतरले का सगळे?" आजोबांनी पलीकडून विचारलं.

तोंडात हो आलंच होतं माझ्या. मी मागे बघितलं. त्या दोघी मैत्रिणी अजून वर होत्या, बुटाच्या नाड्यांशी झटापट करत, रडत.

"नाही," मी म्हटलं. "अजून दोघी आहेत. थांबा."